४ कोटी १० लाख अंकांची मूळ संख्या: भाग न देता ती मूळ आहे हे कळतं कसं?

मालवा_गणित
नमस्कार मंडळी. मी इंदूरला सुदामानगरात राहते, ११वी-१२वीला गणित शिकवते आणि रविवारी सकाळी आजूबाजूची आठवी ते दहावीची मुलं येतात त्यांना कोर्सच्या बाहेरचं गणित देते. पुढचे काही रविवार मला एकाच संख्येवर घालवायचेत. ती संख्या म्हणजे २^१३६२७९८४१ − १, इथं घात वर लिहिता येत नाही म्हणून ^ वापरतेय, म्हणजे दोनाला दोनाने १३ कोटी ६२ लाख आणि वर काही वेळा गुणायचं आणि शेवटी एक वजा करायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली, ल्यूक ड्युरंट नावाच्या अमेरिकन माणसाने, जिम्प्स म्हणून जगभरच्या लोकांचा अशा संख्या शोधायचा जो प्रोजेक्ट आहे त्याच्यातून. हे लिहीपर्यंत माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या हीच. सगळ्यात मोठी मूळ संख्या अशी नसतेच हे युक्लिडने सिद्ध करून ठेवलंय, तो भाग मुलांना माहितीये.

अडचण अशी की अशा संख्येबद्दल मुलांना जे मिळतं ते सगळं "बाप रे केवढी मोठी" एवढंच असतं. इतकी पानं भरतील, वाचायला इतके दिवस लागतील. सेकंदाला एक अंक वाचला तर न झोपता ४७४ दिवसांच्या वर लागतात हे खरं आहे पण त्याच्यातून मूल काय शिकणार? मला असं हवंय की दहावीच्या मुलाने पेन्सिल घेऊन या संख्येबद्दल काहीतरी स्वतः काढावं, आणि शेवटी ती मूळ आहे हे कळलं कसं त्याची खरी रीत छोट्या संख्येवर स्वतः करून बघावी. "कॉम्प्युटरने सांगितलं" हे उत्तर मला द्यायचं नाहीये. ज्यांना माहितीये त्यांनी लिहा प्लीज, कितीही लांब लिहा.

रामबागकर
ताई फार चांगला विषय काढलात. मी रिटायर्ड माणूस, होळकर कॉलेजात शिकलो तेव्हा कॅल्क्युलेटर हातात नसायचं, क्लार्कची लॉगची टेबलं असायची. तेव्हा माझ्याकडून लॉगरिदम घ्या. एखाद्या संख्येत किती अंक आहेत हे तिचा लॉग सांगतो, आणि इथं वजा एक केल्याने अंकांची संख्या बदलत नाही कारण २चा कुठलाही घात शून्यावर संपत नाही.

आता मुलांना करायला लावा. लॉग २ म्हणजे ०.३०१०३ हे आम्हाला तोंडपाठ असायचं. त्याला १३६२७९८४१ने गुणा, येतात ४१०२४३२०.५३, म्हणजे अंक ४,१०,२४,३२१. पण खरे अंक आहेत ४,१०,२४,३२०. एक जास्त आला! हे मुलांना मुद्दाम होऊ द्या, सांगू नका आधी. पाच दशांशांपर्यंतचा लॉग एरवी पुरतो पण इथं गुणाकार १३ कोटींनी होतोय त्यामुळे नवव्या दशांशाची चूकसुद्धा वाढून वाढून अर्ध्या अंकावर जाते. ०.३०१०२९९९५६६४ घेतलं की येतं ४१०२४३१९.९४५३ आणि मग बरोबर ४,१०,२४,३२० अंक. वर .९४५३चा अँटीलॉग ८.८१ येतो म्हणजे ही संख्या ८८१ने सुरू होते. चार कोटी अंकांच्या संख्येचे पहिले तीन अंक कागदावर, बसल्या जागी. ह्याच्यात मला अजून मजा येते.

एबीरोड_कोडर
काकांनी सुरवात काढली मी शेवट काढतो 😀 पायथनमध्ये pow ला तिसरा आकडा दिला की बाकीच मिळते, पाऊ(२, १३६२७९८४१, १०००) असं द्या, ५५२ येईल क्षणात, वजा एक म्हणजे ५५१. संख्या ५५१ने संपते.

आणि ताई एक प्रॅक्टिकल गोष्ट, कोणी मुलगा घरी जाऊन पूर्ण संख्या प्रिंट करायला गेला तर पायथन एरर देईल, ३.११ पासून ४३०० अंकांपेक्षा मोठ्या संख्येची स्ट्रिंग करायला ते आपणहून नाही म्हणतं, ती लिमिट सेटिंगमधून काढावी लागते आणि काढली तरी साध्या पायथनला द्विमानातून (बायनरी, नुसते ० आणि १) दशमानात आणायला खूप वेळ लागतो. लायब्ररी वापरावी, gmpy म्हणून आहे. (सॉरी, देवनागरीत लिहितो: जीएमपीवाय.) टेक्स्ट फाइल ४१ एमबीची होते. पण द्विमानात ठेवली तर १७ एमबी, आणि ती फाइल उघडून बघण्यासारखी आहे कारण तिच्यात सगळे नुसते १ आहेत, १३ कोटी ६२ लाख एकाला एक लागून, एकही शून्य नाही.

मालवा_गणित
वा, हेच हवं होतं. शेवटचे अंक काढायला तर पायथनही नको, मुलांना चक्र माहितीये, २चे घात २, ४, ८, ६ असे संपतात आणि परत २. १३६२७९८४१ला ४ने भागून बाकी १, म्हणून घाताचा शेवट २ आणि संख्येचा शेवट १. शेवटचे दोन अंक हवे असतील तर २० घातांचं चक्र आहे, १३६२७९८४१ची २०ने बाकी पुन्हा १, पण तिथं २^१ घेता येत नाही, चक्र २^२ पासून सुरू होतं, म्हणून २^२१ घ्यायचं, ते २०९७१५२, शेवट ५२, वजा एक ५१. कोडर भाऊंच्या ५५१शी जुळलं.

९ने भागून बाकीही निघते. २च्या घातांची ९शी बाकी सहा-सहाच्या चक्रात फिरते: २, ४, ८, ७, ५, १. आपला घातांक विषम आहे, आणि त्याच्या अंकांची बेरीज ४१ म्हणून ३ने बाकी २, दोन्ही मिळून ६ने बाकी ५. पाचवी बाकी ५, वजा एक ४. म्हणजे ज्या संख्येचे सगळे अंक आपण कधी बघणार नाही तिच्या चार कोटी अंकांची बेरीज नऊने भागली तर ४ उरतात. दहावीचं मूल हे सांगू शकतं.

पण याच्यातून मूळ आहे हे काही सिद्ध होत नाही. तिथंच मी अडलेय.

सिमरोल_रिसर्च
ताई मी लिहितो, नंबर थिअरीतच काम चालू आहे माझं. लांब होईल.

आधी हे की संख्येचा आकारच सगळं काम करतो. कुठलीही एक यादृच्छिक चार कोटी अंकांची संख्या घेतली तर ती नक्की मूळ आहे हे सिद्ध करायला आज आपल्याकडे व्यवहारात चालेल अशी रीत नाही. ही सापडली कारण ती २^प − १ या रूपाची आहे. अशा मूळ संख्यांना मर्सेनच्या संख्या म्हणतात, मारँ मर्सेन हा १७व्या शतकातला फ्रेंच साधू. सापडलेली ही ५२वी.

पहिली पायरी: घातांक स्वतः मूळ असावा लागतो. हे द्विमानात डोळ्याने दिसतं. २^६ − १ म्हणजे सहा एक, १११११. सॉरी, ११११११. त्यांचे तीन-तीनचे दोन गट पाडा, १११ आणि १११, म्हणजे ती संख्या १११ने भागली गेलीच, ६३ = ७ × ९. दोन-दोनचे तीन गट पाडले तर ११ने, ६३ = ३ × २१. घातांकाचे गट पडले की संख्येचे अवयव पडतात. म्हणून १३६२७९८४१ ही मूळ असायलाच हवी आणि ती आहे. पण उलटं खरं नाही. ११ मूळ आहे तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

दुसरी पायरी म्हणजे खरी परीक्षा, लुकास आणि लेमर यांची. एदुआर लुकासने १८७६च्या सुमाराला मूळ कल्पना मांडली आणि डेरिक लेमरने १९३०च्या दशकात ती आजच्या सुटसुटीत रूपात आणली. करायचं एवढंच: ४ने सुरवात. वर्ग करा, २ वजा करा, आणि आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. पुन्हा तेच. प − २ वेळा करायचं. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर नाही. बीचमें काही नाही, शंका उरत नाही, ही "बहुतेक मूळ" वाली टेस्ट नाहीये, पूर्ण सिद्धता आहे.

२^७ − १ = १२७वर करू. पाच वेळा.
४
४×४−२ = १४
१४×१४−२ = १९४, बाकी ६७
६७×६७−२ = ४४८७, बाकी ४२
४२×४२−२ = १७६२, बाकी १११
१११×१११−२ = १२३१९, बाकी ०

झालं. १२७ मूळ आहे आणि आपण तिला ३ने, ७ने, ११ने भागून बघितलंच नाही. त्या मोठ्या संख्येवर हेच १३,६२,७९,८३९ वेळा करायचं. फरक एवढाच की तिथं प्रत्येक वेळी ज्याचा वर्ग करायचा ती संख्या चार कोटी अंकांची आहे.

दहावी_देवास
दादा मी दहावीत आहे देवासला, बाबांच्या आयडीवरून नाही माझी स्वतःची आयडी आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, ११ घेतलं तर शेवटी काय येतं, शून्य नाही येत हे करून बघितलं का कोणी. दुसरं, बाकी काढायची म्हणजे भागाकारच झाला ना, मग भाग न देता कसं म्हणता?

सिमरोल_रिसर्च
दुसरा प्रश्न एकदम नेमका आहे, तोच सगळ्यात सुंदर भाग आहे म्हणून नीट लिहितो.

९ने भागून बाकी काढायला तू भागाकार करतोस का? नाही, अंकांची बेरीज करतोस. कारण १०ची ९ने बाकी १. तसंच १२८ची १२७ने बाकी १. म्हणून ४४८७ मध्ये १२८ किती वेळा बसतात बघ: ३५ वेळा, वर ७. बाकी = ३५ + ७ = ४२. १७६२ = १३ × १२८ + ९८, बाकी १३ + ९८ = १११. १२३१९ = ९६ × १२८ + ३१, ९६ + ३१ = १२७, म्हणजे ०.

आता तू म्हणशील १२८ने भागलंच की. पण कॉम्प्युटर द्विमानात लिहितो आणि तिथं १२८ने भागणं म्हणजे शेवटचे सात अंक कापून बाजूला ठेवणं, आपण १०००ने भागताना तीन अंक कापतो तसं. तर द्विमानात लिहिलेली लांब पट्टी मधोमध चादरीसारखी दुमडायची, वरचा अर्धा खालच्या अर्ध्यावर ठेवायचा आणि बेरीज करायची. भागाकार नाहीच. मर्सेनच्या संख्या बहुतेक वेळा रेकॉर्डवर का असतात ते याच्यात आहे, एक तर पक्की परीक्षा आहे आणि दुसरं म्हणजे बाकी काढणं जवळपास फुकट आहे.

पहिला प्रश्न: ११ घेऊन २०४७वर केलं की क्रम येतो ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवट १७३६, शून्य नाही, म्हणून २०४७ मूळ नाही. आणि गंमत बघ, आपल्याला ती मूळ नाही हे कळलं पण २३ आणि ८९ कुठून आले हे या परीक्षेने सांगितलं नाही. अवयव न सापडता संयुक्त आहे हे पक्कं कळतं.

दक्षिणा_बडोदा
बडोद्याहून वाचतेय, माझे माहेर इंदूरचेच, लोकमान्यनगर. छान चाललाय धागा. मला विचारायचे होते की हे शोधून उपयोग काय? म्हणजे टोमणा नाही, खरेच विचारतेय. आमच्याकडे भाचा म्हणतो की बँकेचे ॲप, यूपीआय वगैरे सगळे मोठ्या मूळ संख्यांवर चालते, तर ही संख्या सापडली म्हणजे ते जास्त सुरक्षित झाले का?

एबीरोड_कोडर
नाही मावशी, या संख्येचा त्याच्याशी संबंध नाही. आरएसए म्हणून जी पद्धत आहे तिच्यात दोन मूळ संख्या लागतात पण साधारण तीनशे-तीनशे अंकांच्या, आणि त्या *गुप्त* असाव्या लागतात, तुमच्यासाठी नव्याने निवडलेल्या. ही तर अख्ख्या जगाला माहीत. गुप्त ठेवायला ती कामाची नाही आणि इतकी मोठी आहे की फोन हँग होईल.

पण मर्सेन घराण्यातल्या छोट्या बहिणी रोज कामाला येतात. २^३१ − १ म्हणजे २१४७४८३६४७, धन-ऋण चिन्हासकट ३२ बिटच्या खात्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या, आम्हा कोडरांना पाठ असते. जुन्या सिस्टिम १९७० पासूनचे सेकंद याच खात्यात मोजतात आणि १९ जानेवारी २०३८ला ते खातं भरेल, त्यावर जगभर काम चालूय. २^५२१ − १ ही एका प्रमाणित एन्क्रिप्शन कर्व्हमध्ये वापरतात. आणि पायथनमध्ये आपण रँडम म्हणतो त्याच्या आत मर्सेन ट्विस्टर आहे, १९९७मध्ये दोन जपानी संशोधकांनी केलेला, त्याचे आकडे २^१९९३७ − १ इतक्या पायऱ्यांनंतर परत पहिल्यापासून येतात. हा आकडा मूळ आहे म्हणूनच ते चक्र इतकं लांब आहे हे सिद्ध करता आलं.

जुनी_इंदूर_वाचक
मी थोडं वेगळं म्हणणार आहे. ड्युरंटने हे डेटा सेंटरमधली भाड्याची जीपीयू कार्डं वापरून केलं असं वाचलं, १७ देशांत पसरलेली. एवढी वीज, एवढा पैसा, आणि बक्षीस ३००० डॉलर. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते तेव्हा मुलांचा अभ्यास बुडतो. मला गणिताबद्दल आदर आहे पण याला शोध म्हणावं का? आधीच माहीत असलेली रीत मोठ्या मशीनवर चालवली एवढंच ना?

सिमरोल_रिसर्च
तुमचा मुद्दा मी टाळत नाही. वीज लागते. पण "रीत माहीत होती, मशीन मोठं घेतलं" हे खरं नाही. चार कोटी अंकांचा वर्ग शाळेतल्या पद्धतीने करायला गेलं तर एका वर्गाला साधारण १७ वर १४ शून्यं इतके छोटे गुणाकार लागतील, आणि असे १३ कोटी वर्ग. साध्या कॉम्प्युटरवर ते कधी आटोपणार नाही. ते आटोपतं कारण एफएफटी वापरून मोठे गुणाकार झटपट करायच्या रीती लोकांनी गेल्या काही दशकांत बसवल्या, आणि त्याच रीती सिग्नल, मेडिकल स्कॅन, सगळीकडे लागतात.

चुका पकडायचंही तसंच. इतक्या लांब गणितात एक बिट जरी उलटला तरी सगळं वाया. म्हणून जिम्प्स आता आधी लुकास-लेमर करतच नाही, आधी फर्माच्या प्रमेयावरची एक परीक्षा करतात जिच्यात चालू गणितातली चूक मध्येच पकडता येते, रॉबर्ट गर्बिझ यांची युक्ती. त्या परीक्षेत पाया ३ घेतात, २ नाही, कारण पाया २ घेतला तर प्रत्येक २^प − १ पास होते, २०४७सुद्धा, मग परीक्षेला अर्थ नाही. आपली संख्या आधी ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या कार्डवर "बहुतेक मूळ" आली, मग १२ला सॅन अँटोनियोमधल्या दुसऱ्या कार्डवर लुकास-लेमरने पक्की झाली, मग वेगळ्या प्रोग्रामांनी, वेगळ्या हार्डवेअरवर पुन्हा तपासली आणि २१ ऑक्टोबर २०२४ला जाहीर केली. असं तपासत बसल्यामुळेच मशीनमधले दोष बाहेर येतात. १९९४मध्ये पेंटियम चिप भागाकार चुकवते हे एका गणिताच्या प्राध्यापकाला जुळ्या मूळ संख्यांवर काम करताना कळलं, थॉमस नाइसली त्यांचं नाव.

जुनी_इंदूर_वाचक
हे मला माहीत नव्हतं. वर्गाचा हिशोब पटला. विजेबद्दल माझं मत तेच आहे, पण धागा पुढे चालू द्या, मी वाचतेय.

ग्वाल्हेरचा_अनिकेत
एक भारतीय नाव राहिलं ना मंडळी! २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवायची रीत काढली, जगभर गाजली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बीटेक झालेले. मुलांना ते सांगा, लुकास-लेमरपेक्षा ते जास्त आपलं आहे.

सिमरोल_रिसर्च
अनिकेत भाऊ, सांगायलाच हवं, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. एकेएसचं (तिघांच्या आडनावांवरून त्या रीतीचं नाव) मोठेपण हे की ती *कुठल्याही* संख्येला चालते, अंक वाढले तर वेळ आवाक्यात वाढतो हे तिने सिद्ध केलं, आणि नशिबावर किंवा न सिद्ध झालेल्या तर्कावर ती उभी नाही. तोपर्यंत असं कोणालाच जमलं नव्हतं. पण चार कोटी अंकांवर प्रत्यक्ष चालवायला ती फार हळू आहे. लुकास-लेमर एकाच घराण्याला ओळखते पण त्या घराण्यात तिच्याइतकं जलद कोणी नाही. दोन्ही शिकवा, पण एकाची जागा दुसऱ्याला देऊ नका.

रामबागकर
भारतीय नाव म्हणता तर आपले देवळालीचे शाळामास्तर कापरेकर कसे विसरता! त्यांच्या संख्या या धाग्यात कधीच्या बसल्यात. ९९चा वर्ग ९८०१, तो मधून तोडा, ९८ + ०१ = ९९. अशा संख्येला कापरेकर संख्या म्हणतात. ९, ९९, ९९९ सगळ्यांचं असंच होतं. आता द्विमानात ९च्या जागी १ असतो. तेव्हा ३१ घ्या, द्विमानात १११११. वर्ग ९६१, द्विमानात ११११०००००१. पाच-पाच अंकांवर तोडा: ११११० आणि ००००१, बेरीज १११११. आलं की परत ३१! म्हणजे ड्युरंटची ती संख्या सुद्धा द्विमानातली कापरेकर संख्या आहे, १३ कोटी एकांची. मास्तर १९८६ला गेले, तेव्हाचा रेकॉर्ड ६५ हजार अंकांचा होता, आज असते तर ही त्यांनी वहीत पहिल्या पानावर लिहिली असती.

मालवा_गणित
काका मला आधी वाटलं वर्गात एक बिट जास्त पडला, पण ९६१ द्विमानात दहाच अंक, ११११०००००१, मोजले मी, बरोबर आहे, दहाच आहेत. फार सुंदर. हे रविवारी नक्की.

आणि परिपूर्ण संख्या कोणी काढल्या नाहीत अजून, ते मी जोडते. ६चे भाजक १, २, ३, बेरीज ६. २८चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. युक्लिडने दाखवलं की २^प − १ मूळ असेल तर तिला २^(प−१)ने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते, ३ × २, ७ × ४, ३१ × १६ = ४९६, १२७ × ६४ = ८१२८. ऑयलरने उलट बाजू सिद्ध केली की सम परिपूर्ण संख्या सगळ्या अशाच असतात. म्हणजे २०२४मध्ये एक नाही, दोन संख्या सापडल्या, ५२वी परिपूर्ण संख्याही त्याच दिवशी. विषम परिपूर्ण संख्या आहे का हे दोन हजार वर्षांत कोणालाच कळलेलं नाही. मर्सेनच्या मूळ संख्या अनंत आहेत का, तेही नाही.

दक्षिणा_बडोदा
माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, धन्यवाद. आता दुसरा. या कॉम्प्युटरच्या आधी लोक हे हाताने करायचे का?

सिमरोल_रिसर्च
हाताने आणि अफाट धीराने. मर्सेनने १६४४मध्ये यादी दिली, २५७पर्यंतचे कोणते घातांक चालतात ती. त्यात ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले, पण हे सगळं निस्तरायला पुढची तीनशे वर्षं लागली. ऑयलरने १७७२मध्ये २^३१ − १ मूळ आहे हे दाखवलं. लुकासने १८७६मध्ये २^१२७ − १, ३९ अंकांची, आणि ७५ वर्षं तिचा रेकॉर्ड कोणी मोडला नाही. त्याच लुकासने २^६७ − १ मूळ नाही हेही दाखवलं पण अवयव माहीत नव्हते. ते १९०३मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक नेल्सन कोल यांनी सभेत फळ्यावर दाखवले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

आणि १९७८चं मुलांना जरूर सांगा ताई, कॅलिफोर्नियातल्या लॉरा निकेल आणि कर्ट नॉल या शाळकरी मुलांनी २^२१७०१ − १ शोधली, १८ वर्षांचे होते दोघं.

दहावी_देवास
कोल यांनी १९३७०७७२१ शोधली कशी? एक एक करत तिथपर्यंत गेले का? दादा २३ आणि ८९ बद्दल पण तेच विचारायचं होतं, लुकास-लेमर सांगत नाही तर मग कसे काढायचे.

सिमरोल_रिसर्च
एक एक करत नाही. नियम आहे. २^प − १चा कुठलाही मूळ अवयव २ × क × प + १ या रूपातच असतो. का, ते थोडक्यात: तो अवयव ख असेल तर २^पची खने बाकी १. प मूळ आहे म्हणून त्याच्या आधी कुठे बाकी १ येत नाही, चक्र बरोबर पचंच. पण फर्मा सांगतो की २^(ख−१)ची बाकी पण १. म्हणून ख − १ला प पूर्ण भागतो. वर ख विषम म्हणून २ही भागतो. दुसरा नियम, ८ने भागून त्याची बाकी १ किंवा ७च असते, ३ किंवा ५ कधीच नाही.

११ला लाव: २२ + १ = २३, बाकी ७, चालला, आणि खरंच भागतो. ८९ = ८ × ११ + १. आणि कोलचा अवयव: १३४ × १४४५५८० + १. करून बघ. नियम असूनही क साडेचौदा लाखांच्या कडेला आहे, म्हणून नुसतं क वाढवत जाणं हाताने झेपणारं नव्हतं, त्यांना आणखी गाळण्या लावाव्या लागल्या. ऑयलरनेही ३१ला हेच दोन नियम लावून थोडेच भाजक तपासले होते. जिम्प्सही लुकास-लेमर किंवा फर्माच्या आधी हीच चाळणी लावतं, बरेच घातांक तिथंच गळतात.

तुला घरचा अभ्यास: २^२३ − १.

दहावी_देवास
झालं दादा!! २ × २३ + १ = ४७. ४७ मूळ आहे, ८ने बाकी ७. पहिलाच निघाला.

२^१० = १०२४, ४७ने बाकी ३७, म्हणजे −१० धरली.
२^२० ची बाकी (−१०)(−१०) = १००, म्हणजे ६.
२^२३ ची बाकी ६ × ८ = ४८, म्हणजे १.
वजा एक शून्य. म्हणून ४७ने भाग जातो. मग भागून पण बघितलं, ८३८८६०७ = ४७ × १७८४८१.

२९ पण लावलं. ५९ची ८ने बाकी ३ म्हणून सोडला, ११७ मूळ नाही, १७५ नाही, २३३ची बाकी १, मूळ आहे, आणि भाग गेला. ५३६८७०९११ = २३३ × २३०४१६७. २३०४१६७ अजून फुटतो का बघतोय, ५८ने वाढवत वाढवत जायचं ना?

सिमरोल_रिसर्च
हो, ५८ने वाढवत जा, ८ची बाकी बघत जा. २३३च्या खालचे पुन्हा बघू नकोस, ते गेलेत. फुटतो एवढं सांगतो.

मालवा_गणित
देवासहून इंदूर लांब नाही. आईबाबांना विचार, रविवारी सकाळी ९ वाजता सुदामानगर, पत्ता मी बाबांना व्यक्तिगत निरोपात पाठवते. २०४७ आणि ८३८८६०७ फळ्यावर तूच करून दाखव. काका तुम्ही क्लार्कची टेबलं आणाल का? मुलांनी बघितलेली नाहीत.

रामबागकर
आणतो. बाइंडिंग सुटलंय, जरा जपून हाताळायला सांगा.

दहावी_देवास
११०३ × २०८९. दोन्ही मूळ आहेत, तपासले.